पाच डिस्कांचं पंचांग

पुण्याचे पाहुणे आमच्या घरी कुंभकोणमला आले की आधी आमच्या मराठीला हसतात, मग जेवणाची वाखाणणी करतात आणि कॉफी पिता पिता मला विचारतात, तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत? मी सांगतो, "डिस्का मरतात. त्या मेल्या तरी गिऱ्हाइकाला सुतक लागू नये, अशी सोय करत होतो." पाहुण्यांचा पेला हातातच राहतो. मग आतून बायकोचा आवाज येतो, की सरळ सांगा ना, कम्प्यूटर दुरुस्त करत होतो म्हणून. दुरुस्ती! दुरुस्ती कुणीही करतं हो. बिघडूनही बिघडल्याचं कळू नये अशी रचना करणं हे काम वेगळं, आणि ते आमच्या बाजारात माझ्याआधी कुणी केलं नव्हतं. साठी उलटून गेली, आता हे बोलायला मी लाजणार नाही.

आमची मंडळी मराठ्यांच्या अमदानीत तंजावरकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. तुम्ही "झालं" म्हणता तिथे आमची म्हातारी माणसं अजून "जाहलें" म्हणतात. लिहिताना मी शक्यतो तुमच्यासारखं लिहितोय. मधूनच कावेरीचं पाणी लागलं तर चालवून घ्या.

आता धंद्याचं सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत गरगर फिरणारी तबकडी, आणि तुमचं सगळं लिखाण तिच्यावर. ती एक ना एक दिवस थांबणार, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. फक्त तो बोलत नाही. ऐंशी-नव्वदच्या सुमाराला आमच्याकडे वीज अशी यायची की पंखा मधेच झोपायचा आणि मधेच अंगात आल्यासारखा फिरायचा. त्यात बिचारी डिस्क किती तग धरणार? त्यावर साधा उपाय म्हणजे दोन डिस्का बसवायच्या आणि दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहायचं. एक गेली तर दुसरी आहे.

तिरुनागेश्वरमच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला मी अशी जोडी बसवून दिली. पुढे कधीतरी सहज डोकावलो तर एकच डिस्क जागेवर. दुसरी कुठे गेली म्हणून विचारलं. तर म्हणाला, ती नुसतीच बसून होती, म्हणून जावयाला दिली. मी कपाळाला हात लावला. तिनं काही काम केलेलं मी तर कधी पाहिलं नाही, असं त्याचं म्हणणं. पाहणार कसं? तिचं काम दिसावं अशी वेळच आली नव्हती! मी हट्टानं ती परत आणवली. जावई बरेच दिवस रुसून होता म्हणे.

मोठ्या गिऱ्हाइकाला मात्र पाच डिस्का. इथे युक्ती निराळी. लिखाणाचे तुकडे करायचे आणि पंक्तीत वाढपी पानापानावर भात वाढत जातो तसा एकेका डिस्कवर एकेक तुकडा टाकत जायचं. पंक्त संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. पण दर फेरीत एका डिस्कवर तुकडा न टाकता बाकी चौघींची बेरीज ठेवायची. समजा, चौघीजणी यात्रेला निघाल्या, प्रत्येकीकडे काही पिशव्या, आणि पाचवीनं फक्त एकूण किती ते लक्षात ठेवलं. एखादी आपल्या किती हे विसरली तर एकूणातून बाकी तिघींच्या वजा केल्या की झालं. म्हणून पाचांतली कुठलीही एक मेली तरी तिचं सगळं लिखाण उरलेल्या चौघी मिळून सांगतात. अट एकच, पंक्तीतल्या जागा बदलायच्या नाहीत. पहिली जाऊन तिसरीच्या पाटावर बसली की तुकडे उलटसुलट होतात आणि बेरजाही चुकतात.

ह्या पाच डिस्का मी सगळ्यांत आधी बसवल्या त्या वैद्यनाथन यांच्या छापखान्यात. बाजारामागच्या गल्लीत त्यांचा आजोबांपासूनचा पंचांगाचा छापखाना. आमचं वर्ष चित्तिरै महिन्यात, म्हणजे तुमच्या चैत्राच्या आसपास सुरू होतं. त्याआधी त्यांचं पंचांग घरोघरी पोचलेलं असायचं. आता ह्या पाच डिस्कांच्या रचनेला इंग्रजीत 'रेड' म्हणतात. मी पहिल्यांदा त्यांना म्हणालो, तुमच्याकडे एक रेड करून घ्या, तर त्यांनी उठून दार लावलं. त्यांना इन्कम टॅक्सवाल्यांची धाड तेवढी ठाऊक! सगळं समजावून सांगितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तो शब्द पुन्हा काढू नका म्हणाले. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ह्या पाच अंगांचं ते पंचांग, म्हणून त्यांनी पेटीचं नाव पंचांगपेटी ठेवलं.

मी त्यांना बजावलं होतं, की जोडीला टेपचं यंत्र घ्या आणि रोज संध्याकाळी सगळ्याची एक नक्कल काढून घरी न्या. पाच डिस्का तुम्हाला डिस्कच्या मरणापासून वाचवतील, माणसाच्या हातापासून नाही. त्यावर ते हसले. पाच असताना सहावं कशाला, असा त्यांचा सवाल. गिऱ्हाईक देव असतो, आणि देवापुढे किती बोलायचं?

पंचांगाचं गणित करायचे भीमाचार्य. आमच्यातलेच, मराठी बोलणारे वैष्णव. जुनी गणिताची वाक्यं, ज्यांत आकडे अक्षरांत गुंफलेले असतात, त्यांना तोंडपाठ. ती पुटपुटत डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचे आणि उजव्या हातानं लिहीत जायचे. कम्प्यूटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पेटी बसवली त्या दिवशी मला म्हणाले, "सेतु, तुझ्या ह्या पेटीस मरण आहे कीं नाही, तेवढें सांग."

मी म्हणालो, एकेकीला आहे, पाचींना एकदम नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या तीन वर्षांचं गणित करायला घेतलं. वय झालं होतं. मुलगा दिल्लीला नोकरीत, हे शास्त्र पुढे चालवणारं घरात कुणी नाही. तीन वर्षं आपल्या गणितानं निघावीत, मग काय व्हायचं ते होवो, एवढीच त्यांची इच्छा. ते वैद्यनाथनना हे वरचेवर सांगायचे.

गणित टाइप केलं वसंतानं. ही कंपोझिंगची प्रमुख, तमिळ बाई, कामाला वाघीण. आचार्य सांगत आणि ती एका दिवसाला एक ओळ, वार, तिथी, नक्षत्र, घटका-पळं, अशी टाइप करत जाई. नावं इंग्रजी तीन-तीन अक्षरांत. इंग्रजी तारीख मात्र आचार्यांनी घालू दिली नाही. चंद्र काय कॅलेंडर बघून चालतो का, म्हणाले. ते नंतर माझ्याच मुळावर आलं. तीन वर्षं पुरी झाली, तपासून झाली, आणि मूळ कागद त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे आडी महिन्याच्या, म्हणजे तुमच्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराच्या, अठराव्या दिवशी कावेरीत सोडले. त्या दिवशी नदी दुथडी भरलेली असते आणि सगळं गाव घाटावर असतं. अक्षर म्हणजे सरस्वती, ती रद्दीत घालायची नाही, असा आचार्यांचा नेम.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. म्हणजे तीन वर्षांचं गणित आता एका पंचांगपेटीत होतं. छपाईला विजयादशमीच्या मुहूर्तावर हात घालायचा म्हणून वैद्यनाथननी एक पानही कागदावर काढलेलं नव्हतं. आचार्यांच्या डोक्यात असेल सगळं, पण तिथून बाहेर यायची वाट बंद झाली होती.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा. तुमच्या खंडेनवमीसारखीच. ज्या अवजारावर पोट चालतं त्याला पुसून-धुऊन गंध-कुंकू लावायचं, चुरमुरे-फुटाण्यांचा आणि सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, नैवेद्य दाखवायचा, दारात कोहळा फोडायचा. पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. ही रीत मलाही लहानपणापासूनची. माझ्या दुकानात मी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर पूजतो.

विजयादशमी त्या वर्षी शनिवारी आली. सकाळी वैद्यनाथनचा फोन. स्वर एकदम प्रसन्न. म्हणाले, "राव सार, यंत्र विचारतंय, आरंभ करू का? राहुकाळ साडेदहाला संपतो, मग मी होय म्हणून बटण दाबतो. तुम्ही सुंडल खायला या."

मला काही उमगेना. पडद्यावर काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाचा म्हटलं. त्यांनी वाचलं. डिस्कांची रचना जुळत नाही, इनिशलाइझ करायचं का, वाय की एन. मी ओरडलो, "हात लावूं नका!" घाबरला की माणूस घरच्या भाषेत बोलतो. त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही, ते "काय? काय?" करत राहिले. मग तमिळमध्ये सांगितलं, की अहो, तो आरंभ म्हणजे पाचही पाट्या पुसून कोऱ्या करायच्या, यंत्रापासून दूर बसा.

त्यांचं तरी काय चुकलं? विजयादशमी हा आरंभाचा दिवस. त्या दिवशी मुलांना मांडीवर घेऊन तांदळात पहिलं अक्षर गिरवायला लावतात. त्याच सकाळी यंत्र आपण होऊन विचारतंय, आरंभ करू का! पंचांगवाल्याला ह्याहून मोठा शकुन कुठला? तो हात थांबला तो फक्त राहुकाळानं. मी आयुष्यभर राहुकाळाची थट्टा केली. त्या दिवसापासून गप्प बसतो.

स्कूटर काढली आणि गेलो. छापखान्याच्या दाराला केळीचे खुंट, आत उदबत्तीचा वास, आणि वसंता कोपऱ्यात उभी. तिनं जे केलं ते भक्तीनं केलं होतं. पेटीला पुढून पाच खण, प्रत्येक डिस्कला ओढायला मूठ. एखादी मेली तर कशी काढायची हे मीच तिला दाखवून ठेवलं होतं. तिनं यंत्र रीतसर बंद केलं, पाचही डिस्का काढल्या, ओलसर फडक्यानं पुसल्या, गंध-कुंकू लावलं आणि केळीच्या पानावर सरस्वतीपुढे मांडल्या. पोट भरणारं आयुध ते, त्याला नको तर कुणाला गंध लावायचं? मी त्यांच्यावर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या पुसताना सुटल्या. सकाळी पुनर्पूजा झाल्यावर हाताला लागल्या तशा तिनं त्या खणांत घातल्या. पाची एकाच कंपनीच्या, एका तोंडवळ्याच्या. आतल्या पंक्तीची तिला काय कल्पना?

वैद्यनाथन तिच्यावर तोंड सोडायला लागले. उद्यापासून येऊ नको म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तिला मग बोला, आधी टेपची नक्कल कुठे आहे ते सांगा. ते खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, आचार्यांना काय सांगू?

आता तुम्ही म्हणाल, पाचच तर आहेत, अदलून बदलून लावून बघायच्या. नाही हो! चुकीच्या क्रमानं लावून यंत्राला कामाला लावलं की ते आपल्या समजुतीनं बेरजा दुरुस्त करायला बसतं आणि चांगल्या लिखाणावर रेघोट्या ओढतं. खरा क्रम आधी कळायला हवा. मी माझं यंत्र दुकानातून आणवलं आणि एकेक डिस्क त्याला सुटी जोडली, नुसती वाचायला, एक ठिपकाही न लिहिता. पडद्यावर बहुतेक गिचमीड. पण मधूनच वसंताच्या ओळी दिसायला लागल्या. वार, तिथी, नक्षत्र. एका तुकड्यात तीन-चार महिने, मग ओळ अर्ध्यावर तुटलेली, आणि पुढचे महिने दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर.

तारखा असत्या तर पोरखेळ होता. तारखा नव्हत्या. पण सत्तावीस नक्षत्रं आमच्या घरात पाढ्यांसारखी पाठ असतात. इथे मंगळवारी रोहिणीवर तुकडा संपला, तर बुधवारी मृगशीर्षावर सुरू होणारा कुठे आहे ते शोधा. वसंता कोपऱ्यातून कधी शेजारी येऊन बसली मला कळलंही नाही. ती वाचत गेली, मी जुळवत गेलो. दुपारपर्यंत तीन डिस्कांच्या जागा नक्की झाल्या.

दोन उरल्या. त्यांचा निकाल एकाच सांध्यावर होता, आणि तो सांधा बसेना. पहिला तुकडा तुटला होता बुधवार, द्वितीया इथे, पुढचं नक्षत्र गिळून. दुसरा सुरू होत होता गुरुवार, चतुर्थी. मधली तृतीया कुठे? क्रम उलटा धरला तर ओळ गिचमिडीला जाऊन भिडत होती, त्यातून काहीच कळत नव्हतं. तिथीचा क्षय होतो हे मलाही माहीत आहे. एखादी तिथी उजाडल्यानंतर सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपते, तिला सूर्योदयच मिळत नाही, म्हणून ती पंचांगातून गळते. पण ही तृतीया गळलेली आहे की मी चुकतोय? पुढच्या वर्षाचं पंचांग अजून कुणाचंच निघालेलं नव्हतं. सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

मी आधीच्या काही ओळी उतरवून घेतल्या आणि आचार्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना पेज भरवत होत्या. मी घडलेलं काही सांगितलं नाही, एक तिथी विचारायची आहे एवढंच म्हणालो. काकू म्हणाल्या, "कशास विचारतोस रे? एकच शब्द उरला आहे त्यांस. जेवतां का, बरें. नको का, बरें." खरंच, मी क्षय आहे का विचारलं तर आचार्य म्हणाले, "बरें." नाही का विचारलं, तरी "बरें."

काय करावं सुचेना. मग नुसताच शेजारी बसून मी ओळी वाचायला लागलो. महिना, पक्ष, वार, तिथी, घटका, पळं. ते छताकडे बघत होते. तीन-चार ओळी झाल्या असतील, माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठा पेरांवरून चालला होता. मी ओळ वाचली की एक पेर पुढे. आवाज न बदलता मी वाचलं, बुधवार, द्वितीया. अंगठा पुढच्या पेरावर. मग मी मुद्दाम कागदात नसलेलं वाचलं. गुरुवार, तृतीया.

अंगठा थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, वसंतानं चुकीचं टाइप केलं की तिच्याकडे बघायचे तसंच. अंगठा एक पेर टाकून त्याच्या पुढच्या पेरावर गेला आणि तिथे दाबून राहिला.

"क्षय," ते म्हणाले. जड होता शब्द, पण स्वच्छ होता. काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. मी आचार्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "बरें."

परत आलो. पाच डिस्का आपापल्या खणात बसवल्या. कुंकू मी पुसलं नाही. वैद्यनाथननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही, मुहूर्त विचारला नाही. बटण दाबलं. दिवे एकामागून एक हिरवे झाले आणि यंत्रानं काहीएक न विचारता काम सुरू केलं. वसंतानं पहिलं वर्ष उघडलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि तिसऱ्याची शेवटची ओळ वाचून ती रडायला लागली. वैद्यनाथन तिला म्हणाले, उद्या रविवार, सोमवारी वेळेवर ये, छपाई आहे. माफी मागण्याची त्यांची ती पद्धत. मी काय केलं? मी सुंडल खाल्लं, दोन द्रोण. छाती भरून आली होती आणि भूकही लागली होती. टेपचं यंत्र त्याच महिन्यात आलं, मला सांगावंही लागलं नाही.

पुढे मी मोठमोठ्या ठिकाणी पेट्या बसवल्या. गिरणीत, इस्पितळांत, तिरुप्पनंदाळपर्यंत. पुष्कळ डिस्का मेल्या, गिऱ्हाइकांना कळलंही नाही, आणि म्हणून माझं नावही कुणी घेतलं नाही. ह्या धंद्याचं एवढंच वाईट वाटतं. काम जितकं चोख, तितकं ते न केल्यासारखं दिसतं. आता तर सगळं कुठल्याशा दूरच्या यंत्रांत असतं, आणि माझ्या नातवाला डिस्क म्हणजे काय हेही दाखवावं लागतं.

पहिल्या वर्षाचं पंचांग चित्तिरैच्या आधी निघालं. ते मीच आचार्यांच्या डाव्या हातात नेऊन दिलं. दुसऱ्या वर्षाचं निघालं तेव्हाही ते होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात गेले.

तिसऱ्या वर्षी त्यांचा मुलगा वर्षश्राद्धाचं ठरवायला दिल्लीहून आला, तेव्हा मी तिथेच होतो. भटजींनी पिशवीतून पंचांग काढलं, महिना काढला, पक्ष काढला, ओळीवरून बोट नेत तिथीवर ठेवलं आणि वार सांगितला. दिल्लीत मिळणाऱ्या पंचांगात एक दिवस पुढे होता. मुलानं विचारलं, हे बरोबर आहे ना, दुसरं एखादं बघायचं का? भटजी काही बोलायच्या आत काकूंनी हात पुढे करून पंचांग मागून घेतलं आणि पहिल्या पानावरचं गणितकाराचं नाव मुलाला दाखवलं.

"त्यांनींच काढिली आहे आपली तिथि," काकू म्हणाल्या. "दुसरें कशास पाहायचें?"